डेंग्यू झाल्यावर उपचार कुठे घ्यावेत आणि खर्च कुठे वाढतो? पाटण परिसरातील रुग्ण व नातेवाइकांसाठी माहिती

पावसाळा सुरू झाला की पाटण, ढेबेवाडी, तारळे, मल्हारपेठ, कोयनानगर या भागांत तापाचे रुग्ण वाढतात. ऑगस्ट ते नोव्हेंबर या काळात त्यात डेंग्यूचे रुग्णही असतात. याच दिवसांत गौरी-गणपतीसाठी मुंबई-पुण्याची मंडळी गावी येतात, घरात माणसे वाढतात आणि कोणाला तरी ताप भरतो. रिपोर्टमध्ये ‘डेंग्यू पॉझिटिव्ह’ दिसले की घरच्यांसमोर दोन प्रश्न उभे राहतात. रुग्णाला दाखल करावे लागेल का? आणि खर्च किती येईल?

डेंग्यूच्या बहुतेक रुग्णांना दाखल होण्याची गरज नसते. योग्य वेळी साध्या तपासण्या आणि भरपूर द्रवपदार्थ एवढ्यावर ते घरीच बरे होतात. थोड्या रुग्णांचा आजार मात्र काही तासांत गंभीर होतो आणि त्यांना उशीर परवडत नाही. म्हणून कोणाला घरी ठेवायचे आणि कोणाला लगेच न्यायचे हे ओळखता आले, तर रुग्णाचा जीव सुरक्षित राहतो आणि घरचा पैसाही वाचतो.

थोडक्यात महत्त्वाचे

• डेंग्यूवर विषाणू मारणारे औषध नाही. पॅरासिटामॉल, पाणी, विश्रांती आणि लक्ष ठेवणे हाच उपचार आहे.
• ताप उतरल्यानंतरचे २४ ते ४८ तास सर्वांत जोखमीचे असतात.
• केवळ प्लेटलेट कमी झाल्या म्हणून प्लेटलेट चढवाव्या लागत नाहीत.
• सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार मोफत आहेत.
• दाखल होण्याची वेळ आली तर शिधापत्रिका, आधार कार्ड आणि विम्याची कागदपत्रे सोबत घेऊनच निघा.

आजाराचे तीन टप्पे

डासाने चावल्यानंतर ४ ते १० दिवसांनी लक्षणे दिसू लागतात. ताप ज्या दिवशी सुरू झाला तो ‘पहिला दिवस’ धरून तारीख लिहून ठेवा. पुढचे सर्व निर्णय या तारखेवर अवलंबून असतात.

पहिला टप्पा तापाचा: हा साधारण २ ते ७ दिवस असतो. जोराचा ताप, डोके व डोळ्यांच्या मागे दुखणे, अंग व सांधे दुखणे, मळमळ, अंगावर पुरळ अशी लक्षणे असतात. या टप्प्यात बहुतेकांचा उपचार बाह्यरुग्ण विभागात होतो. डॉक्टरांची तपासणी, रक्ताचा रिपोर्ट आणि गोळ्या एवढाच खर्च असतो.

दुसरा टप्पा जोखमीचा: हा बहुधा तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान, ताप कमी होताना येतो. काही रुग्णांत रक्तवाहिन्यांमधून पाणी बाहेर झिरपते, रक्त घट्ट होते, रक्तदाब घसरतो. ताप उतरला म्हणून घरचे निर्धास्त होतात, रुग्ण कामाला किंवा शाळेत जातो, आणि नेमका तेव्हाच त्रास वाढतो. दाखल करण्याची वेळ आली तर ती बहुतेक वेळा याच काळात येते.

तिसरा टप्पा बरे होण्याचा: भूक लागते, लघवी नीट होते, प्लेटलेट आपोआप वाढू लागतात. अशक्तपणा मात्र काही आठवडे राहू शकतो.

कोणती तपासणी कधी करावी?

खर्च वाया जाण्याचे एक मोठे कारण म्हणजे चुकीच्या दिवशी केलेली तपासणी.

• एनएस१ अँटीजेन: तापाच्या पहिल्या ५ दिवसांत उपयोगी. नंतर निगेटिव्ह आली तरी डेंग्यू नाही असे म्हणता येत नाही.
• आयजीएम अँटीबॉडी: साधारण पाचव्या दिवसानंतर उपयोगी. ही बरे झाल्यानंतरही दोन-तीन महिने पॉझिटिव्ह राहू शकते. म्हणून ‘डेंग्यू गेला का’ हे पाहण्यासाठी ती पुन्हा करण्यात अर्थ नाही.
• सीबीसी: यात प्लेटलेट आणि हिमॅटोक्रिट दोन्ही कळतात. उपचारासाठी हीच तपासणी सर्वांत महत्त्वाची असून तुलनेने स्वस्तही आहे.

झटपट होणाऱ्या किट तपासणीपेक्षा एलायझा पद्धत अधिक भरवशाची आहे. राष्ट्रीय कार्यक्रमात एलायझा तपासणीसाठी ठरवलेल्या सरकारी केंद्रांत ती मोफत होते, आणि आयजीएम एलायझाची किट पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेकडून पुरवली जातात. प्राथमिक आरोग्य केंद्रात नमुना दिला तर तो अशा केंद्राकडे पाठवता येतो. अहवाल यायला वेळ लागला तरी उपचार थांबवायचे नसतात, कारण निर्णय लक्षणे आणि सीबीसी पाहून घेतले जातात.

सीबीसी साधारण तिसऱ्या दिवसापासून, डॉक्टर सांगतील त्याप्रमाणे, ताप उतरून एक-दोन दिवस होईपर्यंत करावी लागते. प्रकृती चांगली असलेल्या, घरी असलेल्या रुग्णाची दिवसातून दोन-तीनदा प्लेटलेट तपासणी करण्याची गरज नसते. दर वेळी वेगळ्या लॅबमध्ये जाऊ नका. मशिनच्या फरकामुळे आकडे बदलतात आणि घबराट होते.

भातखाचरात काम करणाऱ्यांनी एक गोष्ट डॉक्टरांना आवर्जून सांगावी. चिखलात, साचलेल्या पाण्यात काम केल्यावर आलेला ताप लेप्टोस्पायरोसिसचाही असू शकतो. सुरुवातीला तो डेंग्यूसारखाच दिसतो, पण त्यावर प्रतिजैविक औषध असते आणि ते लवकर मिळावे लागते. मलेरियाची तपासणीही प्राथमिक आरोग्य केंद्रात मोफत होते.

घरी उपचार कसे करावेत?

रुग्ण पाणी पीत असेल, लघवी नीट होत असेल, धोक्याची लक्षणे नसतील आणि गर्भारपण, मधुमेह, हृदय किंवा मूत्रपिंडाचा आजार यांसारखी जोखीम नसेल, तर घरी उपचार करता येतात.

• तापासाठी फक्त पॅरासिटामॉल. मोठ्या माणसाला ५०० किंवा ६५० मिलिग्रॅमची एक गोळी, दोन गोळ्यांत किमान ६ तासांचे अंतर आणि दिवसात ४ गोळ्यांपेक्षा जास्त नाही. यकृताचा आजार असेल किंवा रोज दारू पिण्याची सवय असेल तर डोस डॉक्टरांना विचारूनच घ्या. मुलांचा डोस वजनावर ठरतो.
• आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक, अ‍ॅस्पिरिन घेऊ नका. अंगदुखीसाठी घेतलेले डायक्लोफेनॅकचे इंजेक्शनही टाळा. रक्तस्रावाचा धोका वाढतो. हृदयविकारासाठी अ‍ॅस्पिरिन चालू असेल तर ती स्वतःहून बंद न करता डॉक्टरांना विचारा.
• ओआरएस, ताक, तांदळाची पेज, डाळीचे पाणी, नारळपाणी थोडे थोडे पण वारंवार द्या. मोठ्या माणसाला दिवसाला साधारण २ ते अडीच लिटर लागते. हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या रुग्णांनी प्रमाण विचारून घ्यावे.
• दर ४ ते ६ तासांनी लघवी होते का ते पाहा. घरी पुरेसे पाणी पोचते आहे याची ही सर्वांत सोपी खूण आहे.
• ताप असेपर्यंत रुग्णाला दिवसाही मच्छरदाणीत ठेवा. त्याला चावलेला डास पुढे इतरांना डेंग्यू देऊ शकतो.

ताप आला की ‘एक सलाईन लावून द्या’ असा आग्रह धरू नका. तोंडाने पाणी घेणाऱ्या रुग्णाला सलाईनने अधिक फायदा होत नाही. उलट जोखमीच्या टप्प्यात जास्तीचे पाणी छातीत आणि पोटात साठू शकते. स्टेरॉइड आणि प्रतिजैविके यांचाही साध्या डेंग्यूत उपयोग नाही.

ही लक्षणे दिसली तर थांबू नका

• पोटात सतत किंवा जोरात दुखणे
• वारंवार उलट्या, तोंडाने काहीही न टिकणे
• नाक, हिरड्यांतून रक्त येणे, काळी शौचास होणे, पाळीत नेहमीपेक्षा जास्त रक्तस्राव
• खूप सुस्ती, चिडचिड, गोंधळल्यासारखे बोलणे
• हातपाय गार पडणे, चक्कर, घाम येणे
• धाप लागणे, पोट फुगणे
• ६ तासांपेक्षा जास्त वेळ लघवी न होणे

यातले एक लक्षण असले तरी प्लेटलेटचा आकडा कितीही असो, लगेच रुग्णालयात जा. गर्भवती, वर्षाच्या आतील बाळे, वृद्ध आणि जुने आजार असलेल्यांनी लक्षणांची वाट न पाहता सुरुवातीलाच डॉक्टरांना दाखवावे. ‘सकाळी पहिल्या एसटीने जाऊ’ असे म्हणून रात्र काढू नका. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका मोफत आहे. घाटमाथ्यावरच्या किंवा कोयनेच्या आतल्या भागातील वाड्यांपर्यंत गाडी पोचायला वेळ लागतो, म्हणून फोन लवकर करा आणि गाडी कोणत्या फाट्यापर्यंत येईल ते ठरवून घ्या.

प्लेटलेट: सर्वांत जास्त भीती आणि बराचसा खर्च

डेंग्यूत प्लेटलेट कमी होतात आणि साधारण आठवड्यानंतर आपोआप वाढतात. जिवाला धोका मुख्यतः पाणी झिरपून रक्तदाब घसरल्यामुळे होतो. म्हणून डॉक्टर प्लेटलेटबरोबर हिमॅटोक्रिट, नाडी, रक्तदाब आणि लघवीही पाहतात.

रक्तस्राव नसेल तर साधारणपणे १०,००० च्या खाली गेल्याशिवाय प्लेटलेट देण्याचा विचार केला जात नाही. मोठा रक्तस्राव असेल तर निर्णय वेगळा असतो. सिंगापूर आणि मलेशियातील प्रौढ रुग्णांवर झालेला एक मोठा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. २०,००० किंवा त्याहून कमी प्लेटलेट असलेल्या, पण रक्तस्राव नसलेल्या रुग्णांना आधीच प्लेटलेट देऊन रक्तस्राव टळला नाही. उलट प्लेटलेट दिलेल्यांत दुष्परिणाम जास्त दिसले.

प्लेटलेट दोन प्रकारे मिळतात. नेहमीच्या रक्तदानातून वेगळ्या केलेल्या एका युनिटसाठी राष्ट्रीय रक्त संक्रमण परिषदेने ठरवलेले कमाल प्रक्रिया शुल्क सरकारी रक्तपेढीत ३०० रुपये आणि खासगी रक्तपेढीत ४०० रुपये आहे. एकाच दात्याकडून मशिनने काढलेल्या प्लेटलेट, म्हणजे एसडीपी, याच्या कितीतरी पट महाग पडतात. तुमच्या रुग्णाला एसडीपीच का हवी, हे डॉक्टरांना नम्रपणे विचारा. रक्त विकले जात नाही, फक्त प्रक्रियेचे शुल्क घेतले जाते. त्याची पावती घ्या.

पपईच्या पानांचा रस, त्याच्या गोळ्या, किवी, ड्रॅगन फ्रूट, शेळीचे दूध यांनी गंभीर डेंग्यू टळतो असा पुरावा नाही. पानांच्या कडू रसाने उलट्या वाढतात. हंगामात या वस्तूंचे भाव चढतात. तो पैसा ओआरएस, साधे जेवण आणि तपासणीसाठी ठेवा.

कुठे जावे?

पहिली तपासणी: गावाजवळचे उपकेंद्र, प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा नेहमीचे डॉक्टर. आशाताईंना कळवा, म्हणजे घराभोवती डासांची पाहणीही होते.

दाखल करण्याची गरज पण प्रकृती स्थिर: पाटणचे ग्रामीण रुग्णालय किंवा कराडचे वेणूताई चव्हाण उपजिल्हा रुग्णालय.

गंभीर रुग्ण: जिथे अतिदक्षता विभाग आणि रक्तपेढीची सोय आहे अशा ठिकाणी थेट. कराड-मलकापूरचे कृष्णा रुग्णालय, साताऱ्याचे क्रांतिसिंह नाना पाटील रुग्णालय, तसेच सांगली व मिरजेची शासकीय रुग्णालये या भागातील रुग्णांना जवळची आहेत.

निघण्यापूर्वी खाट आणि रक्त उपलब्ध आहे का, हे फोनवर विचारा. पाटणहून कराड आणि कराडहून पुन्हा दुसरीकडे अशी धावाधाव झाली की प्रत्येक ठिकाणी नवी तपासणी होते, नवी अनामत भरावी लागते आणि मोलाचा वेळ जातो. आधीचे सर्व रिपोर्ट आणि रेफर चिठ्ठी सोबत असेल तर तपासण्या पुन्हा कराव्या लागत नाहीत.

बिलात न दिसणारा खर्च

भारतातील डेंग्यूच्या आर्थिक भाराचा एक अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. २००६ ते २०१२ या काळाच्या त्याच्या अंदाजानुसार ६७ टक्के रुग्णांवर बाह्यरुग्ण म्हणून उपचार झाले आणि त्यांच्यावर वैद्यकीय खर्चाचा फक्त १८ टक्के भाग गेला. दाखल झालेल्या ३३ टक्के रुग्णांवर उरलेला ८२ टक्के खर्च झाला. एकूण खर्चातील सुमारे ८० टक्के पैसा खासगी दवाखान्यांकडे गेला. म्हणजे खर्चाचा मोठा फरक ‘दाखल करायचे की नाही’ आणि ‘कुठे करायचे’ या दोन निर्णयांनी पडतो.

याशिवाय बुडालेली मजुरी असते. आशिया आणि लॅटिन अमेरिकेतील ८ देशांत झालेल्या एका अभ्यासात डेंग्यूच्या एका आजारपणात काम करणाऱ्यांचे सरासरी ९.९ दिवस काम बुडाले, तर विद्यार्थ्यांचे ५.६ दिवस शाळेचे. रोजगार हमीचा २०२५-२६ चा राज्यातील दर, म्हणजे ३१२ रुपये धरला, तरी १० दिवसांचे ३,१२० रुपये होतात. सोबत राहणाऱ्या नातेवाइकाची मजुरी, वडापचे किंवा खासगी गाडीचे भाडे, कराडमध्ये राहण्या-जेवणाचा खर्च, दुभत्या जनावरांकडे पाहायला ठेवलेला माणूस, हे सगळे वेगळे. भातकाढणीच्या दिवसांत आजारपण आले तर नुकसान आणखी वाढते.

म्हणून दाखल करतानाच सोबत कोण थांबणार आणि घरी कोण, हे ठरवा. खासगी कंपनीत नोकरी असून ईएसआय कापला जात असेल, तर डॉक्टरांच्या प्रमाणपत्रावर आजारपणाच्या रजेत पगाराच्या ७० टक्के रक्कम मिळू शकते. मुंबईत नोकरी करणाऱ्या आणि गावी येऊन आजारी पडलेल्यांनी हे प्रमाणपत्र न विसरता घ्यावे.

योजना, विमा आणि तुमचे हक्क

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना: १ जुलै २०२४ पासून ही राज्यातील सर्व कुटुंबांसाठी लागू असून, कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण आहे. उपचार फक्त योजनेतील रुग्णालयात आणि यादीतील आजारावर, आधी मंजुरी घेऊन मिळतात. प्रत्येक तापाचे दाखल होणे यात बसत नाही, गुंतागुंत असलेल्या रुग्णाला मात्र लाभ मिळू शकतो. म्हणून अनामत भरण्यापूर्वी रुग्णालयातील आरोग्यमित्राला भेटा आणि ‘आमच्या रुग्णाला योजना लागू होते का’ हे विचारा. ही योजना कॅशलेस आहे. आधी पैसे भरले तर नंतर परत मिळतील असे गृहीत धरू नका. मदत क्रमांक: १५५३८८ किंवा १८०० २३३ २२००.

आरोग्य विमा: नव्या पॉलिसीत पहिले ३० दिवस आजारपणाचा दावा मिळत नाही. साधारणपणे किमान २४ तास दाखल असावे लागते. केवळ तपासण्यांसाठी किंवा ‘खबरदारी म्हणून’ दाखल झाल्यास दावा नाकारला जाऊ शकतो, त्यामुळे दाखल करण्याचे कारण केस पेपरवर स्पष्ट लिहिलेले असावे. अनेक पॉलिसींत दाखल होण्यापूर्वीच्या आणि नंतरच्या ठरावीक दिवसांचा खर्चही मिळतो. आरोग्य संजीवनी पॉलिसीत तो अनुक्रमे ३० आणि ६० दिवसांचा आहे. सुरुवातीच्या सीबीसीच्या पावत्याही म्हणूनच जपून ठेवा.

धर्मादाय रुग्णालये: सार्वजनिक न्यासाच्या रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखीव असतात. वार्षिक उत्पन्नाची मर्यादा अनुक्रमे १ लाख ८० हजार आणि ३ लाख ६० हजार रुपये आहे. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला लागतो. तो हंगामापूर्वीच काढून ठेवलेला बरा.

बिलाबाबत: राज्याच्या शुश्रूषागृह नोंदणी नियमांत २०२१ मध्ये झालेल्या बदलांनुसार रुग्णालयाने दरपत्रक आणि रुग्ण हक्कांची सनद दर्शनी भागात लावणे बंधनकारक आहे. तपशीलवार बिल मागणे हा तुमचा हक्क आहे. थकलेल्या बिलापोटी रुग्णाला अडवून ठेवता येत नाही.

बरे झाल्यानंतर

तापाची गोळी न घेता २४ ते ४८ तास ताप नाही, भूक आणि लघवी नीट आहे, धाप नाही आणि प्लेटलेट ५०,००० च्या वर असून वाढत आहेत, अशी स्थिती आली की साधारणपणे घरी सोडतात. आकडा दीड लाख होईपर्यंत रुग्णालयात राहण्याची गरज नसते. घरी गेल्यावर डॉक्टर सांगतील त्या दिवशी एक सीबीसी आणि एक भेट बहुतेकांना पुरते.

थकवा, सांधेदुखी, मन उदास राहणे हे काही आठवडे टिकू शकते. दोन-तीन महिन्यांनी केस गळू लागले तर घाबरू नका, ते बहुधा पुन्हा येतात. यासाठी महागडी टॉनिके किंवा ताकदीची सलाईन नको. ज्वारी-नाचणीची भाकरी, डाळ, उसळ, अंडी, दूध आणि हळूहळू वाढवलेले काम पुरेसे असते. जड ओझे उचलण्याचे काम आठवडाभर तरी टाळा. ताप परत आला, डोळे पिवळे झाले, छातीत दुखले किंवा धाप लागली, तर मात्र पुन्हा दाखवा.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

एकदा डेंग्यू झाला की पुन्हा होत नाही ना?
होऊ शकतो. डेंग्यूच्या विषाणूचे ४ प्रकार आहेत आणि दुसऱ्या प्रकाराची लागण अधिक गंभीर होण्याची शक्यता असते. आधी डेंग्यू झाला असेल तर पुढच्या तापात ते डॉक्टरांना सांगा.

घरात एकाला झाला, सगळ्यांची तपासणी करावी का?
ताप नसलेल्यांची तपासणी करण्याची गरज नाही. दोन आठवडे लक्ष ठेवा आणि ताप आला तर लगेच दाखवा.

डास नदीच्या किंवा ओढ्याच्या पाण्यात होतात का?
डेंग्यूचा एडिस डास घराजवळच्या साठलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो: पिंप, रांजण, टायर, नारळाच्या करवंट्या, फ्रिजमागचा ट्रे, झाकण नसलेली टाकी. अंड्यापासून डास व्हायला साधारण ७ ते १० दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एक दिवस सर्व भांडी रिकामी करून घासा आणि कोरडी ठेवा. अंडी भांड्याच्या कडेला चिकटून कोरड्यातही महिनोन्‌महिने टिकतात, त्यामुळे नुसते पाणी ओतून देणे पुरत नाही.

रुग्णालयात जाताना काय घ्यावे?
ताप सुरू झाल्याची तारीख, सर्व रिपोर्ट तारखेनुसार, चालू औषधांची यादी, आधार कार्ड, शिधापत्रिका, विमा कार्ड आणि पावत्यांसाठी एक पिशवी. रक्तगट माहीत असेल तर तोही लिहून ठेवा.

ही माहिती डॉक्टरांच्या सल्ल्याला पर्याय नाही. रुग्णाची प्रकृती बिघडते आहे असे वाटले, तर खर्चाचा हिशेब नंतर करा. आधी १०८ ला फोन करा किंवा जवळच्या सरकारी रुग्णालयात पोचा.